खांब आणि खिडकीमधला उजेड

यंदा पुन्हा तसंच ऊन पडलंय. सकाळी आठलाच कुत्री भिंतीची सावली धरून बसतात, लिंबाची पानं वाळल्या शेंगांसारखी वाजतात आणि दुपारी कुणी हाक मारली तर ती आपल्यासाठी नसेलच असं वाटून माणूस पडून राहतो. पेपरात दोन बातम्या शेजारी शेजारी येतायत. एक, तळ्यात पाणी उरलं नाही. दुसरी, जिल्हा मोठा झाला, आता फोडून नवा करणार. बातम्या साध्याच आहेत. पण त्या अशा जोडीनं आल्या की मी पेपर खाली ठेवतो. ही जोडी मी एकदा बघितलेली आहे.

त्यात परवा पुतणी आली आणि तिनं विचारलं, "काका, छोटा कॅमेरा घेऊ का मोठा एसएलआर?"

हा प्रश्न मला विचारायचा नसतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको ताबडतोब उठली आणि कुकर लावायला गेली. तिला पुढचं सगळं पाठ आहे. तुम्ही मात्र बसा.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. अंगात हवा, डोक्यात हवा आणि हातात मास्तरकीचा नेमणूक हुकूम. गाव अहमदपूरच्या पुढं, आत. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. एसटी थांब्यांवरच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं, पण खालची अक्षरं ऊन वाढलं की वर डोकवायची. लोक खुशीत होते. आता कचेरी जवळ, कामं जवळ. फक्त त्याच वर्षी पाऊस फिरकला नाही. जिल्हा जवळ आला आणि पाणी लांब गेलं.

कॅमेऱ्याचं वेड नांदेडचं, आणि त्याचं मूळ जुन्या नांदेडातला करीमभाईंचा स्टुडिओ. करीमभाईंच्या वडिलांनी निजामाच्या काळात दुकान काढलं होतं. मागच्या भिंतीवर पडदा होता. त्यावर निळंशार तळं, दोन हंस आणि एक कमान. त्या उन्हाळ्यात अख्ख्या मराठवाड्यात काठोकाठ भरलेलं तळं तेवढंच. लोक फोटो काढायला यायचे आणि तळ्याकडं पाठ करून उभं राहायच्या आधी क्षणभर त्याच्याकडं बघून घ्यायचे. मी हे कितीदा तरी बघितलं. कुणी बोलायचं नाही, बघायचे मात्र सगळे.

मला एसएलआर हवा होता. गळ्यात जाड पट्टा, पुढं तोफेसारखी लेन्स, आणि मी एका डोळ्यानं जग तोलतोय, असं माझं एक चित्र माझ्याच मनात टांगलेलं होतं. करीमभाई म्हणाले, "मास्टर, माझा घेऊन जा चार दिवस. नोकरीवर रुजू व्हायला जातोस ना? जा, मिरवून ये. मग बोलू."

मी मिरवलं. गावात एसटीतून उतरलो तो गळ्यात कॅमेरा आणि अंगात नवा शर्ट. दहा मिनिटांत बातमी फिरली की नव्या जिल्ह्याचा माणूस दुष्काळ बघायला आलाय. मग काय नाटक झालं म्हणून सांगू! एका बाईनं दिवाळीची साडी नेसली आणि रिकाम्या घागरीशेजारी बसून तोंड पाडलं. एकानं धट्टाकट्टा बैल घरामागं लपवला आणि शेजाऱ्याचा बरगड्या निघालेला बैल दावणीला आणून बांधला. गावचे मालीपाटील स्वच्छ पटका बांधून आले, हात जोडून म्हणाले, "साहेब जिल्ह्याहून का?"

आता मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी "हाव" म्हणालो.

चहा आला. त्या उन्हाळ्यात, म्हशी आटलेल्या असताना, दाट दुधाचा चहा. अर्धा पिऊन झाला आणि हेडमास्तर धापा टाकत आले, "अहो, हे आपले नवीन शिक्षक!" पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मग कपाकडं बघितलं. "मास्तर, राहिलेला चहा ठिवा. माझा नातू पिईल."

चार दिवसांत मी बरेच फोटो काढले. नांदेडला जाऊन ते धुतले तेव्हा त्यात एकही खरा माणूस नव्हता. सगळे कॅमेऱ्यासाठी उभे. सुकलेली तोंडंसुद्धा कॅमेऱ्यासाठी सुकवलेली.

करीमभाईंनी काचेच्या कपाटातून एक डबी काढली. साबणाच्या वडीएवढी, काळी, हलकी. फोकस ठरलेला, फिरवायला काही नाही. खटका दाबा, रीळ पुढं सरकवा, संपलं. "हा घे. रोजचा कॅमेरा. खिशात राहतो. मोठ्या कॅमेऱ्यात लोक तुला बघतात. ह्याच्यात तू लोकांना बघशील." हे वाक्य ते लहान कॅमेरा विकताना प्रत्येकाला ऐकवायचे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी भारावलो आणि घेतला.

"पर एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "एसएलआरमधे जे दिसतं तेच फोटोत येतं, तू लेन्समधूनच बघतोस. ह्याची बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. तू एक बघणार, हा थोडं बाजूचं बघणार." मग त्यांनी तीन हुकूम दिले. सूर्य पाठीशी. सहा फुटांच्या आत जायचं नाही. खटका दाबताना श्वास धरायचा. आणि चौथी त्यांची खोड: "रोज एकच काढ. एका रिळात सुट्टीपर्यंत पुरव. बघू तुझा दम."

सूर्य पाठीशी, हे आठवलं की अजून मानेवर चटका बसतो.

शाळा सकाळची होती. शाळेला लागून गावची बारव. जुनी, दगडी, काठावर मोटेचे दोन उंच खांब. मोट कधीच गेली, खांब राहिले. एका बाजूनं अर्ध्यापर्यंत पायऱ्या आणि त्याखाली भिंतीतून पुढं आलेले दगड, पाय ठेवून उतरायला. काठाशी धुण्याचा एक सपाट दगड होता. धुण्याचं पाणी उरलंच नव्हतं म्हणून तो मोकळा. मधल्या सुट्टीत मी त्या दगडावर उभा राहायचो. तिथं सूर्य बरोबर पाठीशी यायचा आणि पाणी भरणाऱ्या बाया सहा फुटांच्या पलीकडं असायच्या. श्वास धरायचो, खटका दाबायचो. रोज एक. तोच दगड, तीच वेळ, तेच हुकूम. मला वाटायचं मी बाया टिपतोय, घागरी टिपतोय. डबी आपलं बाजूचं बघत होती.

त्या दिवसांचे आवाज वेगळे होते. पोहरा पाण्याला लागायचा आवाज आधी गेला. मग पोहरा गाळात बसल्याचा आला, भिजल्या कणकेवर मूठ मारावी तसा. रात्री काळी जमीन फुटायची. खोटं नाही सांगत, कान दिला तर ऐकू यायची. रानात भेगा इतक्या पडल्या की शेळीचं करडू पाय अडकून ओरडत राहायचं. एक सवय तर सगळ्या गावाला लागली होती: चालताना खाली बघायचं. आभाळाकडं बघणं लोकांनी सोडलं होतं, धोका आता खालून येणार अशी सगळ्यांची समजूत झाल्यासारखं.

माझ्याबरोबर शाळेत कांबळे सर होते. त्याच गावचे, खालच्या वस्तीतले. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, त्यांचं बोट धरून हे चालायला शिकले, शाळेत गेले, मास्तर झाले. माणूस कमी बोलायचा आणि बोलला की खडू मोडल्यासारखं तुटक. खालच्या वस्तीचा स्वतःचा लहान आड होता. तो मार्चमधे तळाला गेला. कांबळे सर चावडीवर गेले आणि बारवेवर पाळी मागितली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पाटील म्हणाले, "घ्या. पर समद्यांच्या मागून."

मागून म्हणजे काय ते सांगतो. वरच्या गल्ल्यांचं भरून झालं की पाणी पोहऱ्याच्या आवाक्यात उरायचं नाही. मग कुणीतरी खाली उतरायचं, वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायचं, आणि वरून ती ओढायची. खालच्या वस्तीत हे काम कांबळे सरांच्या आईनं घेतलं. गयाबाई. पन्नाशी उलटलेली, अंगानं चिपाड, जिभेनं तिखट. उतरायची अशी की जणू घरातल्या फडताळावरून डबा काढायला चढलीय. मला दगडावर उभा बघून खालून ओरडायची, "मास्तर, माझा फोटू काढताव आन् दाखवत तर न्हाई! लगनाला स्थळं बघून राहिलात का माझ्यासाठी?"

बाया हसायच्या. बारवेत हसू उतरायचं आणि तळाला आपटून जरा उशिरानं परत यायचं. ते परत येणारं हसू मला आवडायचं नाही.

रीळ संपलं त्या रविवारी मी नांदेडला गेलो. करीमभाईंनी फिल्म धुतली आणि आधी कॉन्टॅक्ट काढला, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाच कागदावर, नखाएवढे छत्तीस फोटो ओळीनं. मी बाहेर चहा पीत होतो. ते आत जाड भिंग डोळ्याला लावून बसले. वर्षानुवर्षं फोटोंतल्या लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण बारीक ब्रशनं भरलेला माणूस तो. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"मास्टर," आतून हाक आली. "इकडं ये. तुझी बावडी चाललीय."

मी हसलो. "कुठं चाललीय?"

ते हसले नाहीत. "चाललीय म्हणतो मी. बघ."

पहिल्या फोटोत मोटेचा डावा खांब होता आणि त्यामागं आमच्या शाळेची खिडकी. दोघांच्या मधे उजेडाची एक पट्टी. पाचव्यात पट्टी होती. दहाव्यात ती बारीक झाली होती. विसाव्यात दोऱ्याएवढी. शेवटच्या फोटोत उजेड नव्हता. खांबानं खिडकीची चौकट झाकली होती.

शाळा हलली नव्हती. मी हललो नव्हतो, मी त्याच दगडावर होतो, सूर्य पाठीशी घेऊन, श्वास धरून. खांब वाकत होता, म्हणजे त्याच्याखालची भिंत आत सरकत होती. मागची काळी माती सुकून आक्रसली आणि दगडांना धरायला काही उरलं नाही. रोज इतकं थोडं, की रोज बघणाऱ्या कुणाला कळू नये. आणि शेवटच्या सगळ्या फोटोंत, त्या भिंतीच्या बरोबर खाली, गयाबाईच्या डोक्यावरचा पदर.

नांदेड ते गाव, तो एसटीचा प्रवास मी विसरलेलो नाही. खिडकीबाहेर भेगाळलेली रानं मागं जात होती आणि शर्टाच्या आत छातीशी तो कागद. एवढ्याशा डबीत एवढं मोठं काही मावतं, याचा आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला होता.

कांबळे सरांच्या घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी कागद हातातही घेतला नाही.

"आताच का?" ते म्हणाले.

"काय आताच?"

"इतकी वर्षं वरचे लोक पाणी भरतात, भिंत उभी. आम्हाला पाळी मिळाली आणि भिंत पडायला आली. छान. पाटलांनी पाठवलं का?"

मला राग आला, आणि लगेच तो कुठं ठेवावा ते कळेना. कारण मी हेच पाटलांना सांगितलं असतं तर पाटील नेमकं काय म्हणाले असते ते मला ऐकूच आलं. "बरोबर हाय मास्तर. खालच्यांचं उतरणं बंद करा." वरच्यांना उतरावं लागतच नव्हतं.

गयाबाई चुलीपुढं होती. तिनं हात पुसले, कागद घेतला, उजेडाला धरला. बराच वेळ बघितलं. मग नखानं एक जागा दाखवली, पायऱ्या संपतात त्याच्या खालचा दगड.

"ह्यो माझ्या पायाचा दगड. आधी आख्खं पाऊल मावायचं. आता बोटं तेवढी मावत्यात."

"आई, तुला माहीत होतं?" कांबळे सर जागचे उठले.

"पायाला कळतंय की, मास्तर असलास तरी तुला काय कळणार? तिसऱ्या दिवशीच कळलं. भिंत रोज माझ्या जरा जवळ येती."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर पाळी गेली असती." ती इतक्या सहज म्हणाली की मला आधी नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "साऱ्या वस्तीचं पाणी हाय ते. भिंत पडंल तवा पडंल. तहान रोज लागती."

कागद मला परत देत म्हणाली, "मास्तर, ह्ये कुणाला दाखवू नगा."

त्या वाक्यावर मी थबकलो तो थबकलोच. लपवावं तर ही बाई भिंतीखाली. दाखवावं तर वस्ती कोरडी. शेवटी कांबळे सरांनीच तोडगा काढला. सकाळी शाळेला दांडी मारून दोघांनी लातूर गाठायचं, गावात वाच्यता व्हायच्या आत. दोन्ही वस्त्यांना टँकर मागायचा आणि बारव सगळ्यांनाच बंद करायला सांगायची. तोवर गयाबाईनं उतरायचं नाही.

"बघू," ती म्हणाली. म्हणजे काहीच म्हणाली नाही.

लातुरात कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही. सगळीकडं ओल्या रंगाचा वास होता, नव्या खुर्च्यांना गुंडाळलेलं गवत अजून निघायचं होतं. तिथले साहेब बिचारे चांगले. त्यांनी कागद बघितला, भिंग मागितलं, करीमभाईंचं भिंग मी घाईत खोलीवरच विसरलो होतो, मग चष्मा काढून डोळ्याजवळ धरला. "टँकर उद्या पाठवतो," म्हणाले. आम्ही शब्द घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. कांबळे सर वाटेत दोनदा हसले. माझ्याकडं बघून नव्हे, तरी हसले.

गावाच्या थांब्यावर माणसं उभी होती. एसटीची वाट बघणारी माणसं कशी उभी राहतात ते मला ठाऊक आहे. ती तशी नव्हती. सगळी बारवेच्या दिशेला तोंड करून होती. कांबळे सरांनी गाडी थांबायच्या आत उडी टाकली.

बारव भर दुपारी बसली होती. खांब, भिंत, पायऱ्या, सगळं. काठाजवळ खड्ड्यात दगडमाती आणि वर अजून धूळ तरंगत होती. मी खड्ड्याच्या कडेला उभा राहिलो आणि आत एखादा पदर दिसतो का ते बघत राहिलो. माणूस काय काय बघायला तयार होतो!

गयाबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर वाटी. केसांत माती.

"उतरली होतीस?" कांबळे सर ओरडले.

"अर्ध्यात गेले. दगडानं पाय घेतला न्हाई. वर आले, घागर उचलली, लिंबापर्यंत आले आन् मागं..." ती थांबली. तिनं हात जमिनीवर दाबला, तिथं अजून काही हलतंय का बघावं तसा.

रात्रभर गाव जागं होतं. सकाळी चावडीवर सगळे जमले, कारण टँकर येणार होता आणि रांग ठरायची होती. पाटील उठले. रागानं नाही बोलले, ते फार वाईट. शांतपणे, समजावल्यासारखं बोलले. "माझ्या आज्याच्या आदीची बारव. आजवर खडा हालला न्हाई. ह्यांना पाळी दिली आन् म्हैन्याभरात बसली. रोज उतरून पाय देऊन देऊन दगड खिळखिळे केले. मी कुणाला दोष देत न्हाई. पर ज्यांनी बारव घालवली त्यांनी टँकरला मागं ऱ्हावं. उरलं तर घ्यावं."

माना हलल्या. चांगल्या माणसांच्यासुद्धा. गाव एकदा असं ठरवून बसलं की पिढ्यान् पिढ्या ते तसंच सांगतं, हे मला समोर दिसत होतं. कांबळे सर बोलायला उठले.

"मास्तर," गयाबाई म्हणाली. ती चावडीच्या पायरीखाली उभी होती. "तो कागूद द्या."

"दाखवू नका म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"तवा पाळी होती. आता काय हाय?"

मी कागद दिला, आणि करीमभाईंनी बरोबर दिलेलं भिंगही. ती पायरी चढली. कागद पाटलांच्या पुढ्यात जोत्यावर पसरला आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

"हितं मी हाय का?"

पाटलांनी बघितलं. "न्हाई."

"हितं?"

"न्हाई."

"हितं बी मी न्हाई. हितं बी न्हाई." बोट एकेका चौकटीवरून सरकत होतं. मी ते फोटो काढले होते, रोज त्या दगडावर उभा राहून, आणि त्या अकरा चौकटींत ती नाही हे मला त्या क्षणी दिसलं. मला वाटायचं मी गावाचं पाणी भरणं टिपतोय. गावाचा एक अख्खा भाग त्यात नव्हता आणि माझ्या नजरेला तो कमी पडलाच नव्हता.

बाराव्या चौकटीवर बोट थांबलं. "ही मी. पैला दिस. आता भिंग लावा पाटील, आन् खांबाच्या मागं खिडकी हाय ती बघा. पैल्या फोटूत किती उजेड हाय? आन् मी उतरायच्या आदल्या दिशी किती हाय?"

पाटलांनी भिंग डोळ्याला लावलं. पहिला फोटो बघितला. अकरावा बघितला. पुन्हा पहिल्यावर गेले. चावडीखाली टँकर येऊन उभा राहिला, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तरी कुणी जागचं हललं नाही. पाटलांनी भिंग बाजूला केलं तेव्हा डोळ्याभोवती त्याचं लाल कडं उमटलं होतं. कागदाची घडी न पाडता त्यांनी तो जपून गयाबाईच्या हातात दिला आणि पटका सावरत खाली उतरले.

गयाबाईनं घागर उचलली. रांग लागली होती. ती रांगेच्या टोकाला गेली नाही आणि पुढंही घुसली नाही. मधे जिथं जागा दिसली तिथं जाऊन तिनं घागर खाली ठेवली. मागच्या बाईनं आपली घागर अर्धा हात मागं घेऊन तिला जागा केली.